दारू एकदम सोडायची आहे, घरीच जमेल का?

प्रश्न : माझे पती बारा वर्षांपासून रोज पितात. आता दिवसाला पाऊण बाटली लागते. सकाळी थोडी घेतल्याशिवाय हात स्थिर राहत नाहीत. सोमवारपासून पूर्ण बंद करायचं त्यांनी ठरवलंय. ‘चार दिवस मला खोलीत ठेव, बाहेरून कडी लाव,’ म्हणतात. चालेल का?

उत्तर : ताई, त्यांचा निश्चय जपा, पण कडी लावू नका. सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतला की थांबतात, म्हणजे शरीराला दारूची सवय जडली आहे. अशा माणसानं ती एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. सोमवारच्या आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा आणि तोवर दारू एका झटक्यात थांबवू नका.

रोजच्या गुंगीतही काम चालावं म्हणून मेंदू स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू थांबली की गुंगी ओसरते, वाढलेली उत्तेजना मात्र तशीच राहते. साधारण ६ ते १२ तासांत घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पेला दोन्ही हातांनी धरला तरी पाणी सांडतं. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक. सर्वांत घातक अवस्था बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते : ताप, भ्रम, चादरीवरचे नसलेले किडे वेचत बसणं. घरच्यांना वाटतं, ‘वेड लागलं’ किंवा ‘नाटक करतोय’. दोन्ही नाही. ताबडतोब रुग्णालयात न्या.

पूर्वी सोडताना फिट किंवा भ्रम झाला असेल, यकृत बिघडलं असेल किंवा पोटात काहीच टिकत नसेल, तर भरतीच व्हावं. बाकीच्यांना डॉक्टर घरी गोळ्या देऊ शकतात. सुरुवातीला जास्त आणि मग उतरत्या मात्रेत, बहुधा ५ ते ७ दिवस. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा. त्यांच्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावून थांबू शकतो.

जीवनसत्त्व ब-१ बद्दल आवर्जून विचारा. पिणाऱ्याच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही, म्हणून सुरुवातीला अनेकदा इंजेक्शन देतात. अशक्तपणा आला म्हणून ब-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं, तर उरलासुरला साठाही संपतो आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. प्यायलेले नसतानाही तोल जाणं, बुबुळं थरथरणं, गोंधळणं ही त्याची लक्षणं.

फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, आणि फिट थांबली तरी रुग्णालयात न्याच.

प्रश्न : भाऊ औषध घ्यायला तयार नाही. दारू सोडवणारी गोळी त्याच्या जेवणात गुपचूप मिसळली तर?

उत्तर : कृपा करून मिसळू नका. या कामासाठी बहुधा डायसल्फिराम वापरलं जातं. दारूपासून शरीरात तयार होणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्याचा निचरा ते अडवतं. मग वर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमजोर असेल तर मृत्यूही ओढवतो. हे औषध माणसाच्या संमतीनं, यकृत आणि हृदय तपासून, शेवटच्या पेल्यानंतर किमान १२ तासांनीच सुरू करतात. बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. तेवढे दिवस अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा चालत नाही. न सांगता दिलं तर हे त्याला कळणार कसं? आधीच मिसळली असेल, तर आजच त्याला आणि डॉक्टरांना सांगा.