कमावलेल्या कातड्यात डीएनए उरतो का?

प्रश्न: जप्त केलेल्या कातड्यांची डीएनए टेस्ट केली असं बातम्यांत येतं. पण कातडं कमावलं, केमिकलमधून काढलं, रंगवलं की त्यात डीएनए उरतो तरी कसा? आणि नुसतं बघून कळत नाही का?

उत्तर: अख्खं कातडं केसांसकट असेल तर जाणकाराला बघून बरंच कळतं. वाघाचे पट्टे तर प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे कॅमेरा ट्रॅपच्या जुन्या फोटोशी जुळवून नेमका तोच वाघ मारला गेला हे पण सिद्ध करता येतं, आणि असं जुळलं की खरंच जीव तुटतो. पण केस काढून पर्स किंवा पट्टा बनवला असेल, किंवा साध्याच जनावराच्या कातड्यावर ठिपके रंगवून बिबट्याचं म्हणून विकलं असेल तर डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

आता डीएनए. कमावताना चुना, आम्ल, मग क्रोमचे क्षार नाहीतर झाडाच्या सालीचं टॅनिन वापरतात, यात डीएनएचे तुकडे तुकडे होतात पण सगळा संपत नाही. पेशीत केंद्रकातल्या डीएनएच्या दोनच प्रती असतात, मायटोकाँड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या छोट्या भागांतल्या) डीएनएच्या मात्र शेकडो ते हजारो, म्हणून तिथलेच छोटे तुकडे, शंभर-दीडशे अक्षरांचे, शोधायचे. तेवढ्यावर प्राण्याची जात बऱ्याचदा कळते.

खरी मेहनत त्याआधीची असते. नव्या ब्लेडने वरचा थर खरवडून टाकून द्यायचा, कारण त्यावर हाताळणाऱ्यांचा आणि शेजारी ठेवलेल्या कातड्यांचा डीएनए असतो, मग आतला अगदी छोटा तुकडा घ्यायचा, बारीक चिरायचा, पुन्हा पुन्हा धुवायचा आणि प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइममध्ये ५६ अंशांवर रात्रभर ठेवायचा. सालीने कमावलेलं असेल तर अर्क चहासारखा तपकिरी येऊ शकतो आणि ते टॅनिन पीसीआरच, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती बनवायची प्रक्रियाच, बंद पाडतं. गंमत अशी की तोच अर्क दहापट पातळ केला की कधीकधी रिझल्ट येतो, कारण डीएनएबरोबर टॅनिन पण कमी होतं! वस्तू तुकडे शिवून बनवलेली असेल तर प्रत्येक तुकड्याचा नमुना वेगळा घ्यायलाच हवा, अस्तर एका प्राण्याचं आणि बाहेरचं कातडं दुसऱ्याचं असू शकतं.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणजे आई कुत्री आणि बाप लांडगा असेल तर रिपोर्ट कुत्राच म्हणणार. आणि जात कळली म्हणजे गुन्हा ठरला असं पण नाही, काही मगरींच्या कातड्याचा व्यापार कागदपत्रं असतील तर कायदेशीर असतो, तिथे पुढचं काम तपास अधिकाऱ्याचं. डीएनए मिळालाच नाही तर रिपोर्टमध्ये "जात ठरवता आली नाही" एवढंच लिहावं, "संरक्षित प्राणी नाही" असं अजिबात लिहू नये, कारण तेवढ्या एका ओळीवर आरोपी सुटू शकतो.