जळगाव जिल्ह्यातील शाळेचे स्काउट पथक पालकांवर भार न टाकता कसे चालवावे?

पथकाचा खरा खर्च नोंदणीत नसून गणवेश आणि शिबिराच्या प्रवासात असतो, म्हणून बचतही तेथेच शोधावी. दहावी झालेल्या मुलांचे शर्ट, स्कार्फ, पट्टे धुऊन शाळेच्या कपाटात जपून ठेवावेत व नव्या मुलांना वापरायला द्यावेत; कोणी नवा शिवलाच पाहिजे, असा आग्रह नको. निधीसाठी स्काउटची जुनी ‘खरी कमाई’, म्हणजे मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवण्याचा उपक्रम, आहेच. आपल्याकडे हिवाळ्यात बामणोदची हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, बडगीत (ठेचण्याच्या लाकडी भांड्यात) ठेचून भरीत-पुरीचा स्टॉल लावला, तर गिऱ्हाईक शोधावे लागत नाही (तेलाचा खर्च मात्र आधीच धरावा). शिबिर सातपुड्याच्या पायथ्याशीच घ्यावे आणि शिधा घरोघरून मूठ-मूठ जमवावा.