मानसशास्त्रीय थरारपटात उत्कंठा आणि अभिनय कशामुळे जमून येतात?

अशा चित्रपटाची उत्कंठा मुख्यतः कोणाला किती ठाऊक आहे यावर अवलंबून असते. जोनाथन डेमी यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) मध्ये शेवटाकडे (चित्रपट पाहिला नसेल तर हे वाक्य गाळावे) एफबीआयचे पथक एका घराला वेढा घालते, खुन्याच्या तळघरात घंटा वाजते आणि तो दार उघडतो तेव्हा समोर एफबीआयची प्रशिक्षणार्थी, चित्रपटाची नायिका क्लॅरिस एकटी उभी असते. पथक भलत्याच घरापाशी आहे, हे प्रेक्षकाला तिच्याआधी कळते. ही सारी करामत संकलनाची.

अभिनयाची बाब अधिक नाजूक आहे. अँथनी हॉपकिन्स यांचा लेक्टर, म्हणजे क्लॅरिस जिची मदत घेते ती कैदेतली नरभक्षक मनोविकारतज्ज्ञाची व्यक्तिरेखा, तिच्याशी पहिल्या भेटीत कोठडीच्या मधोमध ताठ उभा असतो आणि अतिशय सभ्यपणे बोलतो, म्हणूनच त्याची धास्ती वाटते. संवादांत समोरची पात्रे बरेचदा थेट कॅमेऱ्यात पाहतात, तर क्लॅरिस साकारणाऱ्या जोडी फॉस्टर यांची नजर किंचित बाजूला असते. त्यामुळे क्लॅरिसवर रोखलेल्या नजरा आपल्यालाही सोसाव्या लागतात. ऑस्कर दोघांनाही मिळाले, पण माझ्या मते फॉस्टर यांचे काम अधिक अवघड होते, कारण भीती लपवण्याची धडपड दिसावी, तरी ती पुरती लपू नये, असा तोल त्यांना अखेरपर्यंत सांभाळायचा होता.