रात्री किती वेळा उठता?

प्रिय डॉक्टर,

पुरुष रुग्ण लघवीबद्दल बोलायला लाजतात, आपण बाई डॉक्टर आहोत म्हणून असेल, असं तू लिहिलंयस. अगं, माझ्यासमोरही लाजायचे. साठीतला माणूस गुडघा दाखवायला येतो, झोप लागत नाही म्हणतो आणि खरी तक्रार पोटातच ठेवून घरी जातो. म्हणून आपणच विचारायचं.

हे मला एका चुकीने शिकवलं. नवीन असताना एक आजोबा सर्दी झाली म्हणून आले. मी नेहमीच्या गोळ्या दिल्या. मध्यरात्री त्यांना परत आणलं तेव्हा त्यांना बसवतही नव्हतं. पलंगाची कड धरून उभे, घामाने डबडबलेले, ओटीपोट फुगून टणक झालेलं. लघवी पार तुंबली होती. नळी घातली, जवळजवळ लिटरभर निघाली. चेहरा हळूहळू सैलावला आणि मग म्हणाले, "दोन वर्षं झाली, रात्री चार-चार वेळा उठतोय." सर्दीच्या काही औषधांनी मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं, काहींनी मूत्राशयाचा जोर कमी होतो. पुरुषांच्या मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी आधीच वाढलेली असेल तर तेवढं निमित्त पुरतं. मी दिवसा एक प्रश्न विचारला असता, तर त्यांची ती रात्र टळली असती.

प्रश्न साध्या भाषेत विचार. धार पूर्वीसारखी आहे का? सुरू व्हायला वेळ लागतो का? जाऊन आल्यावर मोकळं वाटतं का? रात्री किती वेळा उठता? शेवटच्याचं उत्तर पुष्कळदा बायकोच देते. मात्र रात्री उठतो म्हणजे प्रोस्टेटच, असं धरून चालू नकोस. मधुमेह असतो, हृदय थकलेलं असतं. तीन दिवस लघवीची वेळ आणि माप लिहून आणायला सांग. त्या कागदावरून खूप कळतं.

रुग्णाच्या मनातली भीती मात्र एकच असते, कॅन्सरची. तिथे घाई करू नकोस. अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्रमार्गाला वेढून असते, म्हणून वयाबरोबर तिचा आतला भाग वाढला की धार अडते. या साध्या वाढीचं कॅन्सरमध्ये रूपांतर होत नाही. कॅन्सर बहुधा बाहेरच्या कडेला सुरू होतो, त्यामुळे सुरुवातीला त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. दोन्ही गोष्टी सांग. नुसता धीर देऊन पाठवू नकोस. आणि लघवीतून रक्त गेलं असेल, एकदाच का होईना, तर तपासणी टाळायची नाही.

तरुण मुलगा थंडी-ताप, लघवीची जळजळ आणि जांघांच्या मधोमध दुखणं घेऊन आला, तर ग्रंथीला जंतुसंसर्ग झाला असेल. अशा वेळी ती दाबून मसाज करू नकोस, जंतू रक्तात पसरू शकतात.

आता तू पत्रात लिहिलेल्या, पीएसए जास्त आला म्हणून घाबरलेल्या त्या गृहस्थांबद्दल. पीएसए म्हणजे प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, रक्तात मोजलं जाणारं एक प्रथिन. तो जास्त आला एवढ्यावरून काही ठरत नाही. साध्या वाढीने, संसर्गाने, नुकतीच नळी घातली असेल तरी तो वाढतो. उलट वाढलेली प्रोस्टेट आकसवणारं फिनास्टेराइड हे औषध सहा महिने चालू असेल तर आकडा साधारण निम्मा होतो, तेव्हा दुप्पट करून वाच. त्यांना संसर्ग झाला होता असं तू म्हणतेस. मग तो बरा झाल्यावर काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा कर. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का, हे तू लिहिलं नाहीस. ते विचार आणि मला कळव.

तुझा,
सर