एकच विष, दोन वाण

प्रश्न : माझे काका चाळीस वर्षे खर्रा खात होते आणि वयाच्या ऐंशीव्या वर्षी हृदयविकाराने गेले, आमच्या गल्लीतील पानठेलेवाल्याला मात्र पंचेचाळिशीतच तोंडाचा कर्करोग झाला. ‘असतं एकेकाच्या अंगात’ असे सगळे म्हणतात. हे ‘अंगात असणे’ उंदरांच्या जनुकांत कसे शोधतात? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : माणसांत हे सुटे करून पाहणे कठीण, कारण दोघांनी एकाच ठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा खाल्ला तरी त्यांचे बाकीचे खाणे, सवयी आणि जनुके वेगळीच असतात. उंदरांचे तसे नाही. किमान २० पिढ्या सख्ख्या बहीणभावांचाच संकर करत गेले की वाणातील सारे उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. ‘ए/जे’ वाणाला युरेथेन हे कर्करोगकारक रसायन टोचले, तर काही महिन्यांनी फुप्फुसांवर साबुदाण्याहून बारीक, पांढरट गाठी दिसतात आणि त्या भिंगाखाली एकेक मोजता येतात. ‘सी५७बीएल/६’ वाणाला तेवढीच मात्रा दिली तरी गाठ क्वचितच सापडते.

मग या दोन वाणांचा संकर करून त्यांच्या नातवंडांपर्यंत जायचे. या पिढीत दोन्ही घराण्यांची गुणसूत्रे पत्त्यांसारखी पिसली जातात. प्रत्येक नातवंडाच्या गाठी मोजायच्या, आणि गुणसूत्रांवरील ठरावीक खुणांपाशी त्याला कोणत्या वाणाचा तुकडा मिळाला ते तपासायचे. ‘ए/जे’चा तुकडा आणि जास्त गाठी जिथे सतत जोडीने येतात, तिथेच आसपास कारणीभूत जनुक असणार. सहाव्या गुणसूत्रावरील ‘पास-१’ हा पट्टा १९९३ साली असाच सापडला, आणि कर्करोगाशी संबंधित ‘के-रास’ जनुक त्याच पट्ट्यात आहे. पट्टा सापडला म्हणजे जनुक सापडले, असे मात्र नाही. एकेका पट्ट्यात शेकडो जनुके असू शकतात आणि खरे कष्ट तो अरुंद करण्यात जातात.

‘घराण्यात आहे’ या बोलण्याविषयीही सावध राहावे. ‘सी३एच’सारख्या काही वाणांच्या माद्यांना पिढ्यान्‌पिढ्या स्तनांचा कर्करोग होई, तेव्हा तो रक्तातलाच मानला गेला. पण १९३६ साली अमेरिकी संशोधक जॉन बिटनर यांनी दाखवले की पिल्ले जन्मतःच दुसऱ्या वाणाच्या आईच्या दुधावर वाढवली, तर रोगाचे प्रमाण फार घटते. दोष बव्हंशी आईच्या दुधातून येणाऱ्या विषाणूचा निघाला.

काकांच्या बाबतीत एवढेच सांगता येईल, की असा प्रतिकार बहुधा विशिष्ट विषापुरता आणि विशिष्ट अवयवापुरता असतो. युरेथेनला दाद न देणाऱ्या त्याच ‘सी५७बीएल/६’ उंदरांना क्ष-किरणांच्या माऱ्याने छातीतील थायमस ग्रंथीचा लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) सहज होतो.