गॅस भरून घेण्याआधी : मोठ्या एसी आणि हीटिंग यंत्रणांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कार्यालयात डक्टवाला पॅकेज एसी आहे. वर्षातून दोन-तीनदा थंडावा कमी होतो, मेकॅनिक गॅस भरून जातो, काही आठवडे बरे चालते आणि पुन्हा तेच. हे असेच चालायचे का?

उत्तर : अजिबात नाही. गॅस बंद पाइपांतून फिरतो, गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी होत असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न काढता भरलेला गॅस पुन्हा हवेतच जाणार.

पण मुळात गॅसच कमी आहे का, ते आधी ठरवा. यंत्र पंधरा-वीस मिनिटे सलग चालू द्या, मग कॉइलच्या (हवा थंड करणाऱ्या पाइपांच्या जाळीच्या) अलीकडच्या आणि पलीकडच्या हवेचे तापमान मोजा. फरक साधारण ८ ते ११ अंश सेल्सिअस असायला हवा. तो १३-१४ वर गेला आणि ग्रिलमधून हवा मंद येत असेल, तर दोष हवेच्या बाजूला आहे : तुंबलेला फिल्टर, घसरणारा बेल्ट, मळलेली कॉइल किंवा अडकलेला डँपर (डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप). हवा भरपूर असून फरक ५-६ अंशांचाच असेल, तर गॅसच्या बाजूला वळा. दमट दिवसांत कॉइलची बरीच ताकद हवेतले पाणी काढण्यात जाते आणि फरक आपोआप कमी दिसतो, त्यामुळे आजच्या आकड्याची तुलना तशाच हवेतल्या जुन्या आकड्याशीच करा.

नुसते सक्शन प्रेशर (कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा दाब) बघून ‘गॅस कमी आहे’ म्हणणे ही या धंद्यातली जुनी खोड. सुपरहीट आणि सबकूलिंग दोन्ही काढायला सांगा. सक्शन पाइपच्या तापमानातून त्या दाबाचे संतृप्त तापमान (ज्यावर गॅस उकळतो ते) वजा केले की सुपरहीट मिळते. लिक्विड लाइनवर (द्रव झालेला गॅस नेणाऱ्या पाइपवर) वजाबाकी उलट केली की सबकूलिंग. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये जाणारा द्रव आवरणारी झडप) असलेल्या यंत्रात दोन्ही साधारण ५ ते ८ अंशांत असतात. सुपरहीट जास्त आणि सबकूलिंग कमी असेल तर गॅस खरोखर कमी आहे. सुपरहीट जास्त, पण सबकूलिंग नेहमीइतके किंवा वाढलेले असेल, तर वाटेत अडथळा आहे. मग फिल्टर ड्रायरच्या (लिक्विड लाइनवरच्या ओलावा आणि कचरा टिपणाऱ्या गाळणीच्या) दोन्ही टोकांचे तापमान मोजा. एक-दोन अंशांहून जास्त फरक म्हणजे ड्रायर तुंबलाय. अशा यंत्रात गॅस भरला की फक्त डिस्चार्ज प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब) वाढते.

कॉइलवर बर्फ धरला असेल तर त्या वेळचे सगळे रीडिंग निकामी. कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा चालवा, बर्फ वितळू द्या, मग मोजा.

गळतीची जागा बरेचदा डोळ्यांनाच दिसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेल फिरते, ते फटीतून झिरपते आणि त्यावर धूळ बसून काळपट चिकट डाग पडतो. फ्लेअर नट, ब्रेझिंगचे (धातू वितळवून जोडलेले) सांधे आणि सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोप्या बघा, साबणाच्या पाण्याने खात्री करा. यंत्रात आर-४०७सी असेल तर वरून थोडा भरणेही बरे नाही. तो मिश्रण-गॅस आहे, गळताना त्यातले घटक सारख्या प्रमाणात जात नाहीत. उरलेला काढून घ्यावा आणि यंत्राच्या पाटीवरच्या वजनाप्रमाणे नवा भरावा.

प्रश्न : वॉटर-कूल्ड चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या आणि आपली उष्णता पाण्यातून बाहेर टाकणाऱ्या यंत्राचे) रीडिंग आम्ही दर दोन तासांनी लिहितो. त्यातून पुढचा बिघाड कसा ओळखायचा?

उत्तर : एक रकाना वाढवा, कंडेन्सरच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) अॅप्रोचचा. कंडेन्सिंग तापमानातून (ज्यावर गॅसचा द्रव होतो त्यातून) कंडेन्सरबाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान वजा करा. पाणी ३४ अंशांवर आणि कंडेन्सिंग ३५.५ वर, तर अॅप्रोच १.५. तेवढ्याच लोडवर काही महिन्यांत तो ३.५ झाला, तर ट्यूबमध्ये क्षार किंवा गाळ बसतोय, ट्यूब ब्रशिंगची तारीख ठरवा. अलार्म वाजायला अजून वेळ असतो, पण वीजबिल आधीच वाढलेले असते, कारण कंडेन्सिंग तापमान १ अंश वाढले की कॉम्प्रेसर सुमारे २ ते ३ टक्के जास्त वीज खातो. लोडचा आकडा शेजारी लिहायलाच हवा. कमी लोडवर अॅप्रोच आपसूक घटतो आणि सगळे ठीक आहे असा भास होतो. इव्हॅपोरेटरचा (पाणी थंड करणाऱ्या भागाचा; थंड पाणी आणि गॅस उकळण्याचे तापमान यांतला फरक) अॅप्रोच वाढत असेल तर गॅस कमी असणे, तिथे तेल साचणे किंवा त्या ट्यूब मळणे, या तिन्ही शक्यता तपासा.

प्रश्न : एएचयूच्या (एअर हँडलिंग युनिट, म्हणजे पंखा आणि कॉइल असलेल्या पेटीच्या) ड्रेन ट्रेमधून पाणी सांडते. पाइप दोनदा साफ केला, तो मोकळा आहे.

उत्तर : ट्रॅप (ड्रेन पाइपचा पाणी साचून राहणारा बाक) मोजा. हवेच्या वाटेत पंखा कॉइलनंतर असेल तर ट्रेच्या जागी हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी असतो आणि ड्रेनमधून हवा आत ओढली जाते. पाणी उतरतच नाही. समजा तिथला उणा दाब ५०० पास्कल आहे, म्हणजे जवळपास ५० मिलिमीटर पाण्याइतका. मग ट्रेच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंत निदान ७५ मिलिमीटर उतार हवा आणि त्याखाली त्याच्या निम्मा, म्हणजे ३८-४० मिलिमीटर खोल पाण्याचा सील. फिल्टर तुंबला की हा उणा दाब आणखी वाढतो. म्हणूनच पाणी फिल्टर बदलण्याच्या सुमारास सांडत असेल तर पाइपमागे लागू नका, फिल्टर बघा.

प्रश्न : ब्लोअरची मोटर अधूनमधून ओव्हरलोडवर ट्रिप होते.

उत्तर : क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे अँपिअर घ्या. २०, २१ आणि २५ आले तर सरासरी २२, सरासरीपासून सर्वांत मोठा फरक ३, म्हणजे असमतोल सुमारे १४ टक्के. हे फार झाले. वीज तोडून, लॉक लावून मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवा, फिरण्याची दिशा बदलत नाही. जास्त अँपिअर पुन्हा त्याच लाइनवर आले तर दोष पुरवठ्यात किंवा कॉन्टॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) जळलेल्या पॉइंटमध्ये, वायरीसोबत सरकले तर मोटरच्या वाइंडिंगमध्ये.

प्रश्न : हीटिंगच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो. बदलला तरी ठिबकतोच.

उत्तर : मग व्हॉल्व्हचा दोष नाही. पाणी तापले की फुगते, ती वाढ एक्स्पान्शन टाकीने सामावून घ्यायची असते. टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन किंचित दाबा. पाणी आले तर आतला पडदा फाटलाय. हवाच आली तर टाकी वेगळी करून पाण्याची बाजू रिकामी करा आणि मगच हवेचा दाब मोजा, पाणी असताना मोजलेला दाब फसवतो. भरणीच्या पाइपवर छोटे मीटर बसवून घ्या : बंद सर्किटला सतत नवे पाणी लागत असेल तर त्यासोबत ऑक्सिजन आत जातो आणि पाइप आतून गंजतात.

धुराड्याचे तापमानही लिहीत चला. तेवढ्याच लोडवर ते २० अंशांनी वाढले तर कार्यक्षमता साधारण १ टक्क्याने घसरलेली असते, कारण काजळी किंवा क्षार. गॅस बर्नरची निळी ज्योत पिवळी, अस्थिर झाली किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर रीडिंग घेत बसू नका. बर्नर बंद करा आणि माणसे बाहेर काढा.