पोलादाचे संशोधन आणि पोटापाण्याची चिंता

आदरणीय महोदय, सप्रेम नमस्कार.

फोंड्याहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. आपली कन्या फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला उत्पादन प्रक्रिया आणि अभियांत्रिकी पदार्थ यांत संशोधन करायचे आहे, आणि ‘लोखंडावर संशोधन करून पोट भरेल का, त्यापेक्षा वेर्ण्याला औषध कंपनीत नोकरी धरलेली बरी’ असे आपल्याला वाटते. आपली काळजी रास्त आहे. तरीही माझे मत तिच्या बाजूने आहे, फक्त एका अटीवर.

या विषयाचे मर्म एका उदाहरणावरून कळेल. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग करताना जोडाच्या बाजूचा भाग साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये जास्त वेळ राहिला, तर त्यातील कार्बन क्रोमियमला आपल्याकडे ओढून धातूतील बारीक स्फटिककणांच्या सीमांवर कार्बाइड (कार्बन आणि क्रोमियमचे संयुग) तयार करतो. त्या सीमांलगत क्रोमियम कमी पडते आणि जे स्टील गंजू नये तेच तिथून गंजू लागते. यावर कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच असलेले ३०४-एल वापरणे हा एक उपाय. खाऱ्या वाऱ्याचा त्रास मात्र वेगळा. त्यासाठी २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ घ्यावे लागते. वास्कोसारख्या जहाजबांधणीच्या गावाजवळ राहणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

देशालाही अशा माणसांची गरज आहे. २०२२ मध्ये नौदलात दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी लागणारे विशेष पोलाद हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने विकसित केले आणि ते देशातच तयार झाले.

आता अट. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिने संगणकावरच्या नुसत्या विश्लेषणावर उरकू नये. एखाद्या कारखान्यातून तुटलेला किंवा गंजलेला खरा तुकडा मागून घ्यावा. तो कापायचा, एमरी पेपरच्या (पॉलिश कागदाच्या) खरखरीतपासून बारीकपर्यंतच्या प्रतींवर घासायचा, दर वेळी तुकडा काटकोनात फिरवायचा, म्हणजे आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही हे कळते. मग पॉलिश, मग एचिंग, म्हणजे पृष्ठभाग आम्लाने किंचित खाऊ देणे, आणि तेव्हा कुठे सूक्ष्मदर्शकाखाली कणसीमा दिसतात. एक ओरखडा राहिला तरी पुन्हा मागे जावे लागते. हे काम करताना तिचा जीव रमला, तर तिला अडवू नका. कंटाळली, तर वेर्णा आहेच.

पैशांचे गणितही स्पष्ट सांगतो. गेट परीक्षेतून एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. पुढे कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीसह पीएच.डी. केल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये अधिक घरभाडे भत्ता मिळतो. थाटामाटाचा संसार त्यात होणार नाही, पण घरावर बोजाही पडणार नाही.

मुलीने भट्टीपाशी आणि वर्कशॉपमध्ये कसे वावरावे, हेही आपण विचारले आहे. या शाखेत आज मुली सर्रास काम करतात. सुरक्षेचे बूट, चष्मा आणि शिस्त सर्वांनाच सारखी लागते. गोवा मात्र काही वर्षांसाठी सोडावा लागण्याची शक्यता मोठी आहे, कारण बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, आयआयटी मुंबई आणि जमशेदपूरची राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळा ही या विषयाची जुनी घरे आहेत. तिसऱ्या वर्षालाही गेट देता येते आणि गुण तीन वर्षे ग्राह्य धरले जातात, तेव्हा पुढच्या अर्जांची मुदत तिने चुकवू नये.